रिपोर्ट नॉर्मल आहे

एका डायलिसिस टेक्निशियनच्या रोजनिशीतील पाने, २०२५

१३ मार्च, गुरुवार

मार्चचा दुसरा गुरुवार म्हणजे जागतिक किडनी दिन. खाली पोर्चमध्ये बॅनर, सरांचं भाषण, आशाताईंना चहा-बिस्किटं. मी टाळ्यांपुरती थांबले आणि वर आले, दुसरी शिफ्ट लावायची होती. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात पाच मशिनी आहेत, त्यातली एक हिपॅटायटिस सी असलेल्यांसाठी वेगळी ठेवलेली. आठवड्यातले सहा दिवस, रोज तीन शिफ्ट, एकेकाला चार तास. पहाटे साडेपाचला आरओ प्लँट सुरू करायचा आणि शेवटचा रुग्ण उतरतो तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात.

भाषणात साठीच्या पुढच्या शुगर-बीपीवाल्यांनी काळजी घ्यावी, असं आलं. चूक नाही, देशात किडनी निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण मधुमेहच. पण आमचं रजिस्टर वयाप्रमाणे लावलं तर पहिलं पान चाळिशीच्या आतल्यांनीच भरेल. त्यातल्या बहुतेकांना शुगर कधीच नव्हती.

तीन नंबरवर आज नवा पोरगा आला. वय २४. गळ्यात नळी अकोल्याहून टाकून आणलेली. क्रिएटिनीन १४, हिमोग्लोबिन ५.८. घरची चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. काय होत होतं म्हणून विचारलं. "मले त निरी मयमय होये, मॅडम. म्हैनाभर पोटाचंच औषध घेतलं." पाठ दुखायची त्याला गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळायचं. कुठलं ते त्याला माहीत नाही, मला अंदाज आहे.

१८ मार्च, मंगळवार

एक नंबरवरच्या ताईची फाइल आज नीट लावली. योजनेच्या मंजुरीसाठी जुने कागद लागतात, म्हणून तिने घरचा सगळा गठ्ठा पिशवीत घालून आणला होता. वय २६, दोन वर्षांची मुलगी, सध्या माहेरी. सासरचे "बरी झाली की घेऊन जाऊ" म्हणतात. कुणी त्यांना सांगितलेलं नाही, किंवा सांगितलंय आणि त्यांना कळायचं नाही.

गठ्ठ्यात चार वर्षांपूर्वीचा एक लॅब रिपोर्ट निघाला. तेव्हा ही बावीस वर्षांची, लग्नाआधीची, सारखा थकवा म्हणून तपासणी केलेली. क्रिएटिनीन १.४. बाजूच्या रकान्यात छापलंय: नॉर्मल ०.६ ते १.४. म्हणजे आकडा चौकटीत बसला. खाली कुणीतरी पेनाने बरोबरची खूण केलीय.

बसल्या बसल्या मोबाईलवर हिशेब केला. बावीस वर्षांची बाई आणि क्रिएटिनीन १.४, तर ईजीएफआर येतो ५५च्या आत. ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. या वयात तो शंभराच्या वर असायला हवा. म्हणजे निम्म्याच्या आसपास काम तेव्हाच गेलेलं होतं. एकच चौकट साठ किलोच्या गड्याला आणि चाळीस किलोच्या पोरीला लावली की असंच होणार. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं; अंगावर मांस कमी, तर रक्तातलं क्रिएटिनीनही कमी. सडपातळ बाईचं १.४ म्हणजे खूप झालं.

पुढे लग्न, दिवस राहिले, सातव्या महिन्यात बीपी चढलं, मूल लवकर झालं. बाळंतपणानंतर बीपीची गोळी पंधरा दिवस. मग बंद. तो कागद आणि हे बीपी यांची गाठ कुणी घातली नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज आरओचे फिल्टर बदलले. तीन नंबर अंथरुणावर पडल्या पडल्या बघत होता. म्हणाला, "एवढं पानी कुठी जाते?" सांगितलं. मशीनमधून दर मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी क्षार मिसळून तुझ्या रक्ताच्या बाजूने वाहतं, मधे पातळ पडदा. चार तासांचे झाले १२० लिटर. तेवढं शुद्ध पाणी मिळवायला आमचा प्लँट त्याहून बरंच जास्त खेचतो आणि उरलेलं नाल्यात जातं.

तो हिशेबी आहे. "म्हंजे वीस लिटरचे सहा जार." त्यांच्या घरी दोन दिवसांना एक जार येतो, विकतचा. बाकी वापरायला हापशी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा आमचा खारपाणपट्टा. विहीर खोदा की बोअर मारा, खारंच लागतं. काळ्या जमिनीला ते पाणी दिलं तर जमीन चिबडते, म्हणून शेती पावसावरची. मागे एका आशाताईने तिच्या गावच्या हापशीचं पाणी बाटलीत आणलं होतं. आमच्या मीटरवर टीडीएस २,४००च्या पुढे गेला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० सांगतं, दुसरा उपायच नसेल तर २,००० पर्यंत. वान धरणावरून ८४ खेडी योजना आहे, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे १४० गावांची आहे. नळ आहेत. पाणी कधी येतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

आणि त्याला स्वतःला दिवसाला एक लिटर. भाजीतलं, वरणातलं, चहातलं धरून.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणुकीमुळे एक शिफ्ट उशिरा. रस्त्यावर ताक, सरबत, थंड पाणी वाटप. उन्हाचा पारा त्रेचाळीस. दोघं जण साडेतीन-साडेतीन किलो वजन वाढवून आले. दोन डायलिसिसच्या मधे जे वजन वाढतं ते सगळं पाणीच. मी ओरडले नाही. सणाच्या दिवशी कोणी ग्लास पुढे केला तर नाही म्हणायला काय काळीज लागतं, ते मला माहीत आहे.

दुपारी लाइट गेली. जनरेटर घ्यायला दोन-तीन मिनिटं लावतो आणि मशीनची बॅटरी दोन नंबरवर जुनी झालीय. पंप थांबला की नळ्यांमधलं रक्त गोठायला लागतं. पंपाला हँडल असतं, ते हाताने फिरवायचं. मी दोन नंबरवर, सिस्टर पाचवर. दवाखान्यातल्या मामांना हे कधीच शिकवून ठेवलंय.

२२ एप्रिल, मंगळवार

किडनीचे डॉक्टर पंधरा दिवसांनी अकोल्याहून येतात, आज आले होते. तीन नंबरची सोनोग्राफी बघितली: दोन्ही किडन्या आकसलेल्या. बायोप्सीला अर्थ नाही, म्हणाले. जळून गेलेल्या घरात आग कशाने लागली ते आता सापडायचं नाही.

जेवताना मी विचारलं, खाऱ्या पाण्यानेच ना? त्यांनी हो म्हटलं नाही. त्यांचं सगळं बोलणं लिहून ठेवते. आपल्यासारखेच पट्टे जगात आणखी आहेत. श्रीलंकेत अनुराधपुर-पोलोन्नरुवाच्या कोरड्या भागातले भातशेतकरी, १९९०च्या दशकापासून. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातलं उद्दानम, नारळ आणि काजूचा मुलूख. तिथे पलासाला किडनीसाठी वेगळं संशोधन केंद्र आणि रुग्णालय काढावं लागलं. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोरचे ऊसतोड मजूर. सगळीकडे चित्र एकच: तरणे शेतकरी-मजूर, शुगर नाही, सुरुवातीला बीपीही फारसं नाही, लघवीत प्रथिनंही जेमतेम. रोग किडनीच्या गाळणीत नव्हे, तिच्या बारीक नळ्यांत आणि आजूबाजूच्या भागात. पाण्यातले क्षार, फ्लोराइड, कीटकनाशकं, जड धातू, उन्हातली मेहनत आणि पाण्याविना सुकलेलं शरीर, दुखण्याच्या गोळ्या, यातलं नेमकं काय आणि किती, यावर एकमत झालेलं नाही. निकाराग्वात ऊसतोडीवर सावली, पाणी आणि वेळेवर सक्तीची विश्रांती वाढवली तेव्हा मजुरांच्या किडनीला होणारी इजा घटली. तेवढं हाती लागलंय.

मला हे आवडलं नाही. गावात सगळ्यांना पाणीच हवंय आरोपी म्हणून, मलाही. पण डॉक्टरांचा एक मुद्दा डोक्यातून जात नाही. सगळं पाण्यावर ढकललं की पाणी येईपर्यंत कुणी काहीच करत नाही. मुतखड्याने वर्षानुवर्षं अडलेली लघवी, वीस-पंचविशीत न मोजलेलं बीपी, डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं, वैदूचं भस्म, हे सगळं त्या आडोशाला सुखाने राहतं. आणि लघवीची पट्टी स्वच्छ निघते म्हणून "काही नाही" सांगितलं जातं, ते वेगळंच. या रोगात पट्टी बराच काळ स्वच्छ राहते. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला लाखो माणसं जातात. त्यांचं क्रिएटिनीन कोण बघतं?

३० एप्रिल, बुधवार

अखजी. आंबा, पन्हं, चिंचोणी. गेल्या आठवड्यात प्रत्येकाला बजावलं: आमरस नाही, नारळपाणी नाही, बटाटा चिरून पाण्यात भिजवून ते पाणी फेकून मग शिजवायचा, "बीपीवाल्यांचं मीठ" म्हणून दुकानात मिळतं ते तर मुळीच नाही, त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी नसली की पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि ते हृदय थांबवतं. सूज नाही, दम नाही, काही सांगत नाही.

चार नंबरवाले भाऊ आज आले नाहीत. फोन केला. "सन हाय ताई, शनवारी येतो."

३ मे, शनिवार

चार नंबरवाले भाऊ गुरुवारी रात्री घरीच गेले. वय ३१. पानटपरी होती.

यादीतला पुढचा माणूस दुपारच्या शिफ्टला आला. वेटिंगवर होता, जागा फक्त अशीच होते. १९६० साली सिएटलमध्ये स्क्रिबनर नावाच्या डॉक्टरांनी हातात कायमची नळी बसवली आणि वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. पण मशिनी मोजक्या. मग तिथे एक समिती नेमली: पाद्री, वकील, बँकर, गृहिणी, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी, सर्जन. कोण कमावता, कोणाला पोरं किती, असं बघून ही सात माणसं कोणाला जगवायचं ते ठरवत. १९६२ मध्ये एका मासिकात ते छापून आलं आणि अमेरिकेत गदारोळ झाला. आमच्याकडे समिती नाही. आमच्याकडे वहीतला क्रमांक आहे. क्रमांक जास्त न्यायाचा, हे मी मान्य करते. पण दर वेळी नाव खोडताना हात अडतो.

९ मे, शुक्रवार

"मोफत" या शब्दाचा हिशेब आज एक नंबरच्या ताईने मांडला. डायलिसिस मोफत आहे, खरंच आहे. महात्मा जोतिबा फुले योजना आहे, २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, सुई-नळी-फिल्टरचा पैसा लागत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी घरटी एक एकर विकून लोक अकोल्या-नागपूरला जायचे, ते थांबलं. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसवाल्याला तिकीट नाही. पण तिची शिफ्ट सकाळी साडेसहाची आणि गावातून पहिली गाडी आठला. मग ऑटो, जाऊन-येऊन चारशे रुपये. सोबतीला भाऊ, त्याची मजुरी बुडते. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन इथे असलं तर मिळतं, नसलं तर बाहेरून. या महिन्यात नाही. हिमोग्लोबिन ६.९. रक्ताची बाटली चढवायला डॉक्टर मागेपुढे पाहतात, कारण पुढे प्रत्यारोपण करायचं तर दुसऱ्याच्या रक्तामुळे अंगात तयार झालेली प्रतिपिंडं आडवी येतात.

आठवड्याला तीनदा डायलिसिस हे जगभरचं प्रमाण. आम्ही दोनदा देतो. किडनी आठवड्याचे १६८ तास चालते, आम्ही आठ तास चालवतो. ती शिफ्ट बदलून मागत होती. अकराच्या शिफ्टला सध्या जागा नाही.

२६ मे, सोमवार

बातमी वाचली: जागतिक आरोग्य परिषदेने किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच ठराव केला, शुक्रवारी, २३ तारखेला. पुढाकार ग्वाटेमालाचा. तिथेही ऊस, तिथेही तरणे मजूर. कर्करोग, हृदयरोग, मधुमेह यांची नावं घेताना किडनी आजवर "इतर"मध्ये असायची. ठरावाने आमचं इंजेक्शन येणार नाही. तरी कापून भिंतीला लावलं.

तीन नंबरचा फिस्टुला आता तयार झाला. मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडतात, दाबाने शीर फुगते, मग तिच्यात जाड सुया टोचता येतात. १९६६ सालची ही युक्ती, अजून हिच्यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर रात्री बारालाही मला फोन करायचा, असं सांगितलंय. त्या हातावर बीपी नाही, सलाइन नाही, भारा उचलायचा नाही, घड्याळसुद्धा नाही. खरं तर हा हात डायलिसिस लागण्याच्या कितीतरी महिने आधी तयार हवा. आमच्याकडे जवळजवळ सगळे गळ्यात नळी घेऊनच येतात. रोग कळतो तोच शेवटच्या टप्प्यावर.

५ जून, गुरुवार

तीन नंबरची आई आली होती. "माही घ्या न किडनी. मले कायले पाह्यजे दोन?" वय ४६, रक्तगट जुळतो. डॉक्टरांनी तिच्या तपासण्या लिहून दिल्या. १९९४च्या कायद्याने जवळच्या नात्यातला माणूस देऊ शकतो: आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, नवरा-बायको; २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा, नातवंडंही आली. आपल्या देशात देणाऱ्यांत बहुतेक बाया असतात आणि घेणाऱ्यांत बहुतेक पुरुष. एक नंबरच्या ताईसाठी अजून कोणी विचारायलाही आलेलं नाही. तिचा नवरा एकदा आला होता, बाहेर गाडीवरच बसला.

प्रत्यारोपणाला योजनेतून साडेचार लाखांपर्यंत मिळतात. त्यानंतरच्या गोळ्या जन्मभर. ते आईला सांगितलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, पेरणीच्या आधी होईल का.

१९ जून, गुरुवार

तीन नंबर सोमवारी आला नाही, आज आला तो उशी मांडीवर घेऊन, आडवं होता येत नव्हतं. पाऊस झाला, पेरणी सुरू. "पेरनी कोन करनार मंग?" पोटॅशियम ७.१. सरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि लगेच मशीनला लावला. तिसऱ्या तासाला बोलायला लागला. शिव्याच दिल्या मी.

आईच्या तपासण्यांचा निकाल आला. तिचं क्रिएटिनीन १.३, रिपोर्टवर कुठलीही खूण नाही. ईजीएफआर ५२च्या आत. ती देऊ शकत नाही. तिला स्वतःलाच आता दर तीन महिन्यांनी यायचंय.

१७ जुलै, गुरुवार

त्या रिपोर्टनंतर मी सरांना म्हटलं, आपल्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरचे तपासू. नवीन काही लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात महालॅबचं रक्त रोज जातं, क्रिएटिनीन त्यात मोफत होतं. आशाताईंनी नावं काढली, मी संध्याकाळी मोबाईलवर एकेकाचा ईजीएफआर मांडते.

तीन नंबरचा धाकटा भाऊ, वय १९. क्रिएटिनीन १.७, ईजीएफआर ५९, बीपी १४६/९४, लघवीची पट्टी स्वच्छ. तब्येत ठणठणीत. सोमवारी फवारणीला चालला होता. त्याला अकोल्याला पाठवलंय, बीपीची गोळी सुरू झाली, कंबरदुखीच्या गोळ्या बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. तेव्हाही साठच्या आत राहिला तर तो या रोगाचा रुग्ण ठरेल, आणि त्याच्या भावाला कधीच न मिळालेली काही वर्षं त्याच्या हातात असतील. यादीत आणखी दोघी जणी निघाल्या, दोघींच्या रिपोर्टवर नॉर्मल छापलेलं.

हे पान कोणी वाचलं तर एवढं करा. घरातला, विशेषतः तरण्या पोरीचा, शेवटचा रक्ताचा कागद काढा. बाजूच्या चौकटीकडे बघू नका. क्रिएटिनीनचा आकडा, वय आणि बाई की पुरुष, एवढ्यावर कुठलाही डॉक्टर मोबाईलवर अर्ध्या मिनिटात ईजीएफआर काढून देतो. तो आकडा मागून घ्या.